वरच्या बाईंना सांगायचं कुणी?

स्वयंपाकघराच्या छतावरचा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तो बशीएवढा होता, आणि टिल्लीच्या आईने तो आपल्याला दिसलाच नाही असं ठरवून टाकलं. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणत रक्त काढायचं, आणि घरी येऊन पुन्हा छताची समजूत काढायची, एवढं त्राण तिच्यात नव्हतं. ओट्यावर साचलेलं पाणी तिने पुसलं, भात टाकला आणि छताकडे पाठ फिरवली.

पाहता पाहता बशीचं ताट झालं, ताटाची परात झाली. परात झाल्यावर टिल्लीच्या बाबाने जेवताना मान वर केली. तो गाद्यांच्या दुकानात विक्रीला होता, आणि रोज गिऱ्हाइकांना आडवं पाडून "बघा, कसं वाटतंय" विचारणाऱ्या माणसाला कसलीच घाई नसते. त्याने आधी घास संपवला, मग पाणी प्यायला.

"हे वरून गळतंय," तो म्हणाला.

"वरून नाही तर काय खालून गळेल?"

"मग वर जाऊन सांग की."

यावर टिल्लीच्या आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा पुन्हा भाताकडे वळला. कारण वर बाई राहायच्या.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली होती, पण बाई काही शाळेतून सुटल्या नव्हत्या. त्या जिना उतरू लागल्या की गप्पा मारणारे आपोआप भिंतीला लागून उभे राहायचे. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी, ज्यांना सगळ्यांची सगळी माहिती असते, त्यांनी टिल्लीच्या आईला आल्या आल्या सांगून ठेवलं होतं, "तुमच्या आधीचे लोक एकदा त्यांना खुर्च्या सरकवण्याबद्दल बोलले. बोलले म्हणजे काय, हळूच सांगितलं हो. झालं! त्या दिवसापासून बाईंनी त्यांच्याशी अवाक्षर काढलं नाही. ते घर सोडून गेले तरी नाही."

आणि याच बाईंकडे टिल्ली रोज दुपारी राहायची.

ते कसं झालं हेही सांगायला हवं. टिल्ली चार वर्षांची, दिसायला गरीब, दात मात्र धारदार. पहिल्या पाळणाघरात तिने एका मुलाच्या दंडाला चावा घेतला. दुसऱ्या पाळणाघरात थेट तिथल्या ताईंनाच. तिसऱ्या पाळणाघराने फोनवरच "जागा नाही" म्हणून टाकलं, म्हणजे कीर्ती पुढे पोचली होती. आजी थोरल्या काकांकडे, दूरच्या गावी. बाबा सकाळी तिला सांभाळायचा, पण दुपारी दुकान उघडायचं. दुपार ते संध्याकाळ हे मधलं भगदाड काही केल्या बुजेना. लॅबच्या मॅडमनी तर तोंडावरच विचारलं होतं, "तुमचं नक्की काय ते एकदा सांगून टाका." नोकरी सोडायची, असं टिल्लीच्या आईने मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं. ते ठरवून ती जिन्यात बसून रडत होती, तेव्हा वरून उतरणाऱ्या बाई थांबल्या. रडण्याचं कारण विचारलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याकडे पाठव. उशीर केलेला मला चालत नाही."

टिल्लीच्या आईने आभार मानायच्या आत एकच गोष्ट बजावली होती, आणि ती बोलताना तिची जीभ चाचरत होती. "बाई, हिला पाण्यात मात्र खेळू देऊ नका. लगेच सर्दी होते, कान दुखतो." बाईंनी मान हलवली. नियम म्हटला की बाईंचा चेहरा कसा शांत व्हायचा.

तेव्हापासून सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की टिल्लीच्या आईला भीतीच वाटायची. पोरगी कुणाला चावत नव्हती. संध्याकाळी खाली यायची ती हसत. फ्रॉक तर असा, की दुकानातून आत्ता घडी मोडून आणलाय. रोज संध्याकाळी त्याला कडक इस्त्री! सकाळी चुरगळलेला फ्रॉक घालून गेलेली पोर संध्याकाळी इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये परत यायची. "याला म्हणतात शिस्त," टिल्लीची आई लॅबमध्ये सगळ्यांना सांगायची. "आपल्याला आपल्या ओढणीची इस्त्री होत नाही." शिवाय टिल्ली येऊन सांगायची, आज आम्ही नदी केली, आज बेट केलं. म्हणजे भूगोलही चालू होता.

आता अशा बाईंना जाऊन सांगायचं, की तुमचं पाणी आमच्या डोक्यावर गळतंय? त्यापेक्षा पाणी गळलेलं बरं.

म्हणून मग उपाय सुरू झाले. ओट्यावर बादली ठेवली. थेंब टपटप वाजतात म्हणून बादलीच्या तळाशी जुना पंचा घातला, म्हणजे आवाज बंद. डब्यांवर प्लास्टिक आलं. डागाच्या कडेने बाबाने स्टुलावर चढून पेन्सिलीने रेघ ओढली, डाग वाढतोय की नाही ते कळावं म्हणून. हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या बाहेर गेला. त्याने नवी रेघ ओढली. आठवडाभरात छत एखाद्या नकाशासारखं दिसायला लागलं, आणि बाबा रोज स्टुलावर चढून "आज पूर्वेकडे सरकलाय" अशी बातमी द्यायला लागला.

"तुमच्या रेघांनी गळायचं थांबणार आहे का?" तिने विचारलं.

"थांबणार नाही. पण माहिती असलेली बरी."

एक गोष्ट मात्र त्याच्या रेघांमुळे कळली. रविवारी डाग वाढत नव्हता. रविवारी बादली कोरडी ठणठणीत. बाबाने खूप विचार करून निष्कर्ष काढला, "बाई रविवारी कपडे धूत नसणार. शाळेची सवय. सुट्टी म्हणजे सुट्टी." टिल्लीच्या आईला ते पटलं. रविवारी लॅब बंद असते, आपण घरी असतो आणि टिल्ली आपल्याच मांडीवर लोळत असते, हे दोघांच्याही समोर होतं, पण दिसत कुणालाच नव्हतं. पोटच्या पोराकडे संशयाने बघायची सवय आईबापांना नसते, मग त्या पोराने दोन पाळणाघरं का बंद पाडलेली असेनात.

प्लंबर आला तोही रविवारीच, कारण सुट्टी त्याच दिवशी. आला, मान वर केली, "च् च् च्" केलं. मग म्हणाला, "वर बघावं लागेल."

"वर न बघता काही होणार नाही का?"

"मॅडम, वरचं गळणं खालून कसं दुरुस्त होईल?"

"तेच तर विचारतेय."

प्लंबरने स्टुलावर चढून डाग बोटाने दाबला. बोटाला माती लागली. "वर मोरी असणार. तुमच्याकडे मोरी बुजवून ओटा वाढवलाय, म्हणून वरच्यांची मोरी बरोबर तुमच्या शेगडीच्या डोक्यावर. फरशीच्या फटी उघडल्या असतील. पण नुसतं वापरलेलं पाणी इतकं नाही गळत. मोरीत पाणी साठून राहतंय, तुंबून. वर कोण राहतं?"

"बाई."

"कुठल्या बाई? त्या शाळेतल्या?" प्लंबरने पान्हा पिशवीत टाकला. "मी त्यांच्या शाळेत होतो. तुम्ही आधी बोलून घ्या, मग मला बोलवा." आणि तो चहासुद्धा न घेता निघून गेला.

त्या दिवशी नवराबायकोत जुंपली. "मी जातो," बाबा म्हणाला. "तुम्ही जाल आणि तासभर गाद्यांवर बोलून याल," ती म्हणाली. "मग चिठ्ठी टाकू." "चिठ्ठीवर त्या लाल शाईने चुका काढतील." "मग काय, छत पडायची वाट बघायची?" यावर ती एकदम म्हणाली, "हो! छत पडलं तर दुसरं बांधता येतं. बाई रुसल्या तर टिल्लीला कुठे ठेवू? सांगा ना, कुठे ठेवू? नोकरी कुणाची जाईल, तुमची की माझी?" बाबाने स्टूल घेतलं. वर चढून त्याने डागाची शेवटची रेघच पुन्हा गिरवली.

रविवारी कोरड्या छताकडे बघून काही कळणार नव्हतं, गळतं तेव्हाच पाहायला हवं. म्हणून टिल्लीच्या आईने एके दिवशी अर्धी रजा टाकली. कुणालाच सांगितलं नाही. दुपारी हळूच कुलूप उघडून आत आली, चपला हातात घेऊन, स्वतःच्याच घरात चोरासारखी. नेहमीप्रमाणे टिल्ली वर गेलेली होती. ओट्यासमोर स्टूल टाकून, डोक्यावर छत्री उघडून ती बसली. आधी कंटाळा आला. मग छतावरून कसलासा सरकण्याचा आवाज आला, पाठोपाठ धपकन काहीतरी पडल्याचा. मग पहिला थेंब आला.

थेंब हिरवा होता.

तिने वाकून पाहिलं. दुसरा थेंब, हिरवाच. पंच्यावर हिरवे ठिपके उमटत होते. नळाला हिरवं पाणी कुठून येणार? बाई असं धुतात तरी काय? ती विचार करत होती तोच थेंबांची धार झाली, छताने एकदा कुरकुर केली, आणि पेन्सिलीच्या सगळ्या रेघांसकट एक भला मोठा पोपडा सुटून शेगडीवर धाडकन आदळला. छत्री होती म्हणून डोकं वाचलं.

इतके दिवस घासूनपुसून तयार केलेली सगळी गोड वाक्यं टिल्लीची आई विसरली. ती उठली आणि छत्रीसकट जिना चढली. केसांत चुना, हातात उघडी छत्री, आणि डोळ्यांत आता काय व्हायचं ते होऊ दे असा भाव. तिने बेल दाबून धरली.

आत एकदम शांतता. मग कुजबुज. मग पळापळ, आणि बादली कलंडल्याचा आवाज. "एक मिनिट!" बाईंचा आवाज, पण नेहमीचा नव्हे. हा आवाज वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलाचा होता.

दार उघडलं. बाईंच्या बाह्या कोपरापर्यंत वर गेलेल्या. पाय अनवाणी आणि ओले. पांढऱ्या केसांची एक बट कपाळाला चिकटलेली, आणि दहाही बोटं हिरवी. त्यांच्या मागे इस्त्रीच्या टेबलावर टिल्लीचा ओला फ्रॉक पसरलेला, शेजारी इस्त्री तापत ठेवलेली. आणि त्याच्याही मागे, मोरीच्या कठड्याच्या आत, भोकात फडकं कोंबून काठोकाठ भरलेल्या हिरव्या पाण्यात, चड्डीवर उभी असलेली नखशिखांत भिजलेली टिल्ली.

"आई!" ती ओरडली. "ये ना आमच्या समुद्रात!"

टिल्लीच्या आईने फ्रॉककडे पाहिलं. इस्त्रीकडे पाहिलं. मग टिल्लीकडे. इतक्या दिवसांचं एकेक कोडं तिच्यासमोर सुटत गेलं, आणि तिला राग यायच्या आधी हसूच यायला लागलं. ते तिने ओठ चावून दाबलं. बाईंना वाटलं, ती रागाने ओठ चावतेय.

"मला समजलं," बाई म्हणाल्या. त्या ताठ उभ्या राहिल्या होत्या, हिरवे हात मागे बांधून. "तू सांगितलं होतंस, पाण्यात खेळू देऊ नका. मी खेळू दिलं. उद्यापासून तू तिला पाठवणार नाहीस. बरोबर आहे तुझं."

टिल्लीची आई घाईघाईने पुढे झाली. जे ऐकायला नको म्हणून इतके दिवस गळक्या छताखाली स्वयंपाक केला, तेच बाई बोलत होत्या. "नाही हो, बाई..."

"मला बोलू दे. पहिल्या दिवशी ती रडायला लागली, ती थांबेचना. मी इतकी वर्षं नुसत्या नजरेने वर्ग गप्प केले. ही माझी नजर बघून आणखीच रडायची. चावलीसुद्धा." बाईंनी मनगट पुढे केलं, मग खुणा आता राहिल्या नाहीत हे लक्षात येऊन मागे घेतलं. "शेवटी मी हात धुवायला गेले, ती मागे आली, आणि नळाखाली हात धरून हसायला लागली. मग मला तो नळ बंद करवेना. आधी नुसता तांब्या होता. मग टब. मग एक दिवस आम्ही भोक बुजवलं. आज समुद्र हवा म्हणाली, म्हणून चित्रकलेचा हिरवा रंग कालवला. सर्दी होऊ नये म्हणून मी पाणी कोमट करते. डोकं लगेच पुसते, कानात कापूस घालते. फ्रॉक इस्त्रीने वाळवते. तुला कळू नये म्हणून. आयुष्यात एक नियम मोडला नव्हता मी." त्या थांबल्या. "तू तिला घेऊन गेलीस ना, की मी ही मोरी पुसत बसते. पुसतानासुद्धा बरं वाटतं. एवढंच. आता घेऊन जा तिला."

टिल्ली पाण्यात उभी राहून दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"बाई," टिल्लीची आई म्हणाली. सुई टोचण्याआधी ती नेहमी चार शब्द गोड बोलायची. आज बोलली नाही. "बाई, माझं छत पडलंय."

"काय?"

"स्वयंपाकघरातलं. तुमचा समुद्र माझ्या शेगडीवर गळतोय. गेला महिनाभर."

बाईंनी आधी तिच्या केसांतल्या चुन्याकडे पाहिलं, मग छत्रीकडे. मग त्या तशाच अनवाणी जिना उतरायला लागल्या. टिल्लीची आई पोरीला टॉवेलात गुंडाळून मागे धावली. बाई या बिल्डिंगमधल्या कुणाच्याही घरात आजवर गेल्या नव्हत्या, हे तिला जिन्यातच आठवलं.

स्वयंपाकघरात उभं राहून बाईंनी सगळं तपासलं. छताला पडलेला खड्डा. शेगडीवरचा ढीग. बादली, बादलीतला पंचा. डब्यांवरचं प्लास्टिक. उरलेल्या छतावरच्या पेन्सिलीच्या रेघा. मग त्या वळल्या, आणि त्यांचा खरा आवाज परत आला.

"एवढं होईपर्यंत गप्प बसलीस? तोंड नव्हतं का तुला? पोर खाली असती आणि तिच्या डोक्यात पडलं असतं तर?"

"मला वाटलं, तुम्हाला राग येईल. आधीच्या लोकांशी तुम्ही कधीच..."

"आधीचे लोक?" बाईंनी स्टूल पुढे ओढलं. त्यावर बसल्या. "अगं, ते खुर्च्यांचं सांगायला आले. माझ्याकडे जन्मभर लोक दुसऱ्यांच्या तक्रारी घेऊन यायचे. माझ्याचबद्दलची तक्रार घेऊन कुणी आलं की काय बोलायचं, ते मला येतच नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की मी दार लावून घेतलं. मग रोज वाटायचं, उद्या बोलू. मग ते निघूनच गेले."

टिल्लीच्या आईने बाईंकडे नीट पाहिलं. सबंध बिल्डिंग ज्यांना भिऊन भिंतीला लागते, त्या बाई तिच्या स्टुलावर हिरवे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि तिला त्यांची इतकी माया दाटून आली की तिने पुढे होऊन त्यांची ती कपाळावरची ओली बट मागे सारली. बाई दचकल्या, पण त्यांनी डोकं मागे घेतलं नाही.

"मी तिला पाठवणारच आहे," टिल्लीची आई म्हणाली. "उद्याही. तुम्ही नको म्हणालात तर मी दारात बसेन. हिला सर्दी कुठे झाली? महिनाभर भिजतेय, एक शिंक नाही. मीच उगाच धसका घेतलाय."

"पण वर नाही," बाई म्हणाल्या. "प्लंबर येऊन फटी बुजवेपर्यंत माझ्या मोरीत थेंबही सांडायचा नाही. कोण आहे तुमचा प्लंबर?"

"तो तुमच्याच शाळेतला आहे. तुमचं नाव ऐकून पळाला."

"येईल. निरोप पाठवते, म्हणजे येईल." बाईंनी उठून न्हाणीघराचं दार ढकलून आत पाहिलं. "याच्या बरोबर खाली काय येतं?"

"सायकली लावायची जागा."

"म्हणजे कुणाच्या डोक्यावर गळायचं नाही." त्यांनी नळ सोडून पाहिला, पाण्याचा जोर बघितला, फरशीचा उतार पायाने चाचपला. "समुद्र इथे आणायचा. दुपारी मीच खाली येत जाईन. तू कामावर असशील, तेव्हा मला किल्ली लागेल."

टिल्ली टॉवेलातूनच नाचायला लागली. तिची आई मात्र कपाटापाशी गेली आणि खणात हात घालून दुसरी किल्ली शोधायला लागली. ती खणाच्या अगदी कोपऱ्यात होती, कुलपाबरोबर आलेल्या दोऱ्यात तशीच बांधलेली, एकदाही न वापरलेली. घर घेतलं तेव्हा कुलूप विकणारा दुकानदार म्हणाला होता, एक तुमच्याकडे ठेवा, एक जवळच्या माणसाकडे. तेव्हा दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली होती, कारण या गावात तसं कुणीच नव्हतं.

तिने दोरा सोडला आणि किल्ली बाईंच्या हिरव्या हातावर ठेवली. बाईंनी ती मुठीत घट्ट धरली आणि म्हणाल्या, "उद्या वेळेवर येईन."